लोखंडी मालावर बेल्ट: कॉर्नरला खर्च किती येतो?

कळंबोलीच्या लोखंड बाजारातून चाकण-भोसरीकडे प्लेटा, चॅनेल, अँगल घेऊन निघणाऱ्या ट्रेलरांवर आता रॅचेट बेल्ट सर्रास दिसतात. पण बेल्ट आणि लोखंडाची कड यांच्यामध्ये बऱ्याचदा गोणपाटाची घडी असते, नाहीतर काहीच नसतं. सात-आठशे रुपयांचा बेल्ट घ्यायचा आणि त्याला लागणारे दोन कॉर्नर मात्र टाळायचे, ही बचत मालकाला महागात पडते आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जिवावर बेतू शकते.

आधी धारदार कड कशाला म्हणायचं ते पाहू. कडेची गोलाई बेल्टच्या जाडीपेक्षा कमी असेल, तर ती कड धारदार धरायची. ५० मिमी रुंदीचा बेल्ट साधारण तीन मिमी जाड असतो. म्हणजे शिअरवर किंवा गॅसने कापलेली प्रत्येक प्लेट या व्याख्येत बसते, मग हाताला ती बोथट का लागेना. सैल बेल्ट लवकर कापला जात नाही. ताणलेला मात्र झटकन जातो. त्यात प्रत्येक खड्ड्याला आणि पुलाच्या सांध्याला माल केसभर सरकतो आणि तीच कड बेल्टच्या त्याच जागी पुन्हा पुन्हा घासते. माल उतरल्यावर बेल्ट बोटांतून ओढून पाहा. किनारीचे धागे पिंजलेले दिसतील. कुठे चकचकीत, कडक डाग लागला, तर तिथे घर्षणाच्या उष्णतेने पॉलिस्टर वितळलेलं असतं. किनारीचा काप रुंदीच्या दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे ५० मिमीच्या बेल्टला पाच मिमीच्या वर गेला, की तो बेल्ट बाद. गाठ मारून तर तो मुळीच वापरू नये. गाठीने ताकद निम्म्यावर येते.

आता बाजारभाव. हे आकडे ढोबळ आहेत. शहर, जाडी आणि नग यांप्रमाणे फरक पडेल, आणि जीएसटी धरून भाव सांगितलाय का, ते विचारून घ्या. ५० मिमीचा, आठ-नऊ मीटरचा रॅचेट बेल्ट साधारण सहाशे ते नऊशे रुपयांना मिळतो. प्लॅस्टिकचा एल आकाराचा कॉर्नर चाळीस ते शंभर रुपये. जाड रबराचा किंवा लोखंडी पाठीचा कॉर्नर दीडशेच्या पुढे. बेल्टवर चढवायची कापडी स्लीव्ह स्वस्त असते, पॉलियुरेथेनची बरीच महाग. भंगारातला कन्व्हेयर बेल्टचा तुकडा किलोवर मिळतो आणि चांगला टिकतो.

इथेच खरेदी चुकते. कापडी स्लीव्ह घासण्यापासून वाचवते, कापण्यापासून नाही. रंधलेल्या लाकडावर किंवा गुळगुळीत पाइपवर ती पुरते. गॅसकटच्या कडेवर तिच्यासकट बेल्ट जातो. पुठ्ठा आणि गोणपाट तर ताण बसताच चेपतात, आणि पावसात भिजले की संपलेच. लोखंडासाठी कडक कॉर्नरच घ्या. तो बेल्टहून रुंद हवा, बेल्ट बाजूला घसरू नये म्हणून त्याला खोबण हवी आणि आतला कोपरा मालाच्या कोपऱ्यावर नीट बसायला हवा.

कॉर्नरचा दुसरा फायदा कुणी हिशेबात धरत नाही. रॅचेट एका बाजूला असतं. खरबरीत कडेवर बेल्ट अडकला, की ओढ त्याच बाजूला राहते आणि पलीकडची बाजू सैलच असते. गुळगुळीत प्लॅस्टिकवरून बेल्ट सरकतो, त्यामुळे ओढ दोन्ही बाजूंना पोचते. रबर माल छान धरून ठेवतं, पण बेल्टलाही अडवतं. म्हणून रबर मालाखाली आणि प्लॅस्टिक कडेवर, अशी वाटणी मला योग्य वाटते. बसवताना आधी दोन्ही कॉर्नर ठेवा, रॅचेटचे दोन-तीन दात घ्या, पलीकडे जाऊन कॉर्नर तिरका झालाय का पाहा आणि मगच पूर्ण ताण द्या. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर, आणि बोरघाट चढण्याआधी अधिकृत थांब्यावर, बेल्ट पुन्हा तपासा.

एका फेरीचा हिशेब मांडू. सहा बेल्ट धरले तर साडेतीन ते साडेपाच हजार रुपये. प्रत्येकाला दोन असे बारा प्लॅस्टिक कॉर्नर म्हणजे पाचशे ते बाराशे. एक-दोन बेल्ट वाचले की कॉर्नरचे पैसे वसूल. उलट बेल्ट तुटून माल बाजूला आला, तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार गाडीच्या मर्यादेबाहेर आलेल्या मालाला वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. क्रेन आणि खोळंबा वेगळाच.

बेल्ट घेताना लेबल वाचा. पॉलिस्टरच्या बेल्टचं लेबल निळं असतं. दुकानदार ‘पाच टनी’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा तो तुटण्याचा भार असतो, किंवा बेल्ट मालाला वळसा घालून दोन पदरी लावला तरचा. सरळ ओढीला त्याची क्षमता अडीच टनच धरायची. प्लेटांची थप्पी बुटकी असेल तर बेल्ट आडवा पडतो. ट्रेलरच्या फळीशी ३० अंशांचा कोन झाला की खाली दाबणारा जोर निम्माच उरतो. अशा मालाला बेल्ट वाढवा, नाहीतर साखळी लावा. ग्रेड ८० च्या आठ मिमी साखळीची क्षमता चार टनांची. तीही उघड्या कडेवर वाकवू नये. तिला लोखंडी कॉर्नर लागतो.

पैसे कोणी द्यायचे, यावरून गेटवर वाद होतो. तुमचं छोटं फॅब्रिकेशन शेड असेल, तर खरेदीच्या ऑर्डरवरच लिहा: ‘प्रत्येक बेल्टला दोन कडक कॉर्नर लावूनच गाडी सुटेल.’ कॉर्नर तुमचे असतील तर त्यांना ठळक रंग द्या आणि माल उतरल्यावर मोजून परत घ्या. बाद झालेला बेल्ट मधोमध कापूनच भंगारात टाका. अख्खा ठेवलात तर पुढच्या फेरीला कुणीतरी तोच उचलेल.