भयपटातील अभिनय आणि पटकथेचे दायित्व : ‘भूत’च्या निमित्ताने

चित्रपटसमीक्षेत ‘अभिनय उत्तम, मात्र पटकथा दुबळी’ हे विधान वारंवार आढळते. अभिनय व पटकथा या जणू स्वतंत्र वस्तू असून एकीच्या उणिवेची झळ दुसरीला लागत नाही, असे त्यात गृहीत धरलेले असते. भयपट आणि रहस्यपट यांच्या बाबतीत तरी हे गृहीतक तपासून पाहावयास हवे.

येथे भरताचे रससूत्र उपयुक्त ठरते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाचे विभाव म्हणून विकृत ध्वनी, भूतदर्शन, शून्य घर, अरण्य इत्यादींचा, तर अनुभाव म्हणून हातापायांचा कंप, चंचल दृष्टी, रोमांच, मुखवैवर्ण्य, स्वरभेद यांचा निर्देश आहे. अनुभाव नटाच्या हाती असतात. विभावांची योजना प्रामुख्याने संहितेकडे असते. (ध्वनी व छायालेखन यांचाही तीत वाटा असतो, हे मान्यच.) विभाव क्षीण झाले की नटाचा कंप हा केवळ कंप उरतो. प्रेक्षक त्याचे कौतुक करतो, पण भीत नाही.

रामगोपाल वर्मा यांचा ‘भूत’ (२००३) या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. उंच इमारतीतील फ्लॅटमध्ये नव्याने राहावयास आलेली स्वाती उर्मिला मातोंडकर यांनी साकारली आहे. पूर्वार्धात तिची नजर, चाल आणि आवाज यांत होत जाणारा बदल इतका क्रमाक्रमाने येतो की, ‘ही स्वातीच आहे काय?’ हा प्रश्न पतीबरोबर आपल्यालाही ग्रासतो. उत्तरार्धात पटकथा हा प्रश्नच बदलते. मोलकरीण आवाज ओळखते, मनजीत या मृत स्त्रीची हकीकत कळते, तिची आई भेटते, अपराधी सापडतो. ‘घरात काय आहे?’ याऐवजी ‘मनजीतचा घात कोणी केला?’ हा प्रश्न पुढे येतो. भुताला नाव आणि न्याय्य गाऱ्हाणे मिळताच प्रेक्षक त्याचा पक्ष घेतो. आणि ज्याचा विजय आपण इच्छितो, त्याचे भय कसे वाटावे? यापेक्षाही मोठी हानी म्हणजे स्वाती नाहीशी होते. एका देहातील दोघींची ओढाताण ही या भूमिकेची खरी सामग्री. ती लिहिलीच गेलेली नाही. अभिनेत्रीच्या वाट्याला आक्रोश तेवढा उरतो. नाना पाटेकर आणि रेखा यांच्यासारख्या समर्थ कलावंतांकडेही मुख्यतः विचारणे आणि सांगणे एवढेच काम येते. या भूमिकेसाठी मातोंडकरांना फिल्मफेअरचे समीक्षक-पारितोषिक मिळाले, ते योग्यच. परंतु ते अर्ध्या लिहिलेल्या भूमिकेस मिळाले, असे मला वाटते.

याच दिग्दर्शकाचा आणि याच अभिनेत्रीचा ‘कौन’ (१९९९) शेजारी ठेवावा. एक घर, पाऊस, तीन पात्रे. अनुराग कश्यप यांची संहिता नायिकेला नावही देत नाही, आणि अखेरच्या कलाटणीने तिचा आधीचा प्रत्येक थरकाप पुन्हा तपासावयास भाग पाडते.

स्पष्टीकरण सर्वस्वी त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. हिचकॉकच्या ‘सायको’त (१९६०) मनोविकारतज्ज्ञाचे लांबलचक निवेदन आहेच, आणि ते कंटाळवाणेही आहे. तथापि पटकथाकार जोसेफ स्टेफानो तेथे थांबत नाहीत. त्यानंतर घोंगडी पांघरून बसलेला अँथनी पर्किन्स दिसतो, आईचा आवाज ऐकू येतो, आणि त्या स्मितापुढे तज्ज्ञाचे सारे निदान अपुरे वाटू लागते. ‘भूत’चा शेवटही कोठडीतच होतो. तेथे मनजीत अपराध्यापुढे उभी राहते. भय त्याला वाटते, आपल्याला समाधान. स्वाती त्या दृश्यात नाही.