परक्या घरची सून आणि वेशीतील वडील

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय 1 ते 4, मत्तय 1:1-6.
पाठाचा हेतू : भिन्न भाषेच्या, जातीच्या वा रीतीच्या दोन माणसांचा विवाह होतो तेव्हा मंडळीचे कर्तव्य कोणते, हे समजून घेणे.

बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणांस दोन जगांत वावरण्याची सवय आहे. घरी मराठी, कचेरीत कानडी, बाजारात उर्दू, आणि सोयऱ्यांपैकी कोणी तेलुगू बोलणारे. आपली मुलेमुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी हैदराबाद, बंगळूर, पुणे येथे जातात. तेथे कोणाशी मन जुळते आणि घरात काळजी सुरू होते. ‘मुलगी चांगली आहे, पण आपल्यातली नाही,’ हे वाक्य आम्ही ख्रिस्ती घरांतही ऐकतो. म्हणून हा पाठ.

1. कादंबरी कोठे थांबते?

अमेरिकेत आमिश नावाचा एक ख्रिस्ती पंथ आहे. 1693 साली याकोब अम्मान यांच्या अनुयायांनी स्वित्झर्लंड व आल्सेस या भागांत आपली वेगळी वाट धरली. पुढे अठराव्या शतकात त्यांच्यातील अनेक कुटुंबे पेनसिल्व्हानियात जाऊन वसली. आजही हे लोक घोडागाडीने प्रवास करतात, घरी बहुधा जर्मन बोली बोलतात आणि बाहेरच्यांना ‘इंग्लिश’ म्हणतात. बाप्तिस्मा मोठेपणी घेतात, आणि लग्न बाप्तिस्मा घेतलेल्या आमिशांमध्येच होते. बाप्तिस्म्यानंतर जो पंथ सोडतो त्याला, आपल्या भाषेत सांगायचे तर, वाळीत टाकतात.

या लोकांविषयीच्या प्रेमकादंबऱ्या तिकडे फार खपतात. बेव्हर्ली लुईस यांच्या 1997 च्या ‘द शनिंग’ या कादंबरीनंतर त्यांचा ओघ वाढला. लिहिणारे व वाचणारे बहुतेक आमिश नसलेले ख्रिस्तीच असतात. आमिश मुलगी आणि बाहेरचा तरुण, किंवा याउलट, अशी पुष्कळ कथानके असतात. तरुणांनी त्या वाचू नयेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांत प्रार्थना आहे, साधेपणा आहे, मर्यादा आहे. परंतु अनेक कथा लग्नापाशी संपतात. त्यानंतरच्या रविवारी नवी सून कोणाशेजारी बसली, तिच्याशी तिच्या भाषेत कोण बोलले, हे पान लिहिले जात नाही. आपल्याला तेच पान वाचायचे आहे.

2. कल्याण नगरीत काय घडले?

त्यासाठी दूर जावयास नको. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण हे बाराव्या शतकात कलचुरी राजा बिज्जळ याच्या राजधानीचे कल्याण. बसवेश्वरांच्या शरणांमध्ये चर्मकार हरळय्या होते आणि ब्राह्मण कुळात जन्मलेले मधुवरसही होते. परंपरा सांगते की मधुवरसांची मुलगी हरळय्यांच्या मुलास दिली गेली. दोन्ही घरे राजी होती. शरण झालेल्यास जात उरत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. पण नगरातील सनातनी खवळले आणि राजाने दोघा बापांना क्रूर देहदंड दिला. 1167 च्या सुमारास बिज्जळही मारला गेला आणि शरण देशोदेशी पांगले. गिरीश कर्नाड यांनी 1990 साली लिहिलेले ‘तलेदंड’ हे कानडी नाटक याच काळावर आहे.

येथे दोन घरे तयार होती, गाव तयार नव्हते. शरण झाल्यावर जात उरत नाही असे ते मानीत. बाप्तिस्म्यानंतर जात उरत नाही असे आपण मानतो. मग सोयरीक ठरविताना ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न आपण का विचारतो?

3. बेथलेहेमच्या वेशीत

आता रूथच्या पुस्तकाकडे वळू. रूथ मवाबी होती. मवाब्यांना परमेश्वराच्या मंडळीत घेऊ नये, असा नियमच होता (अनुवाद 23:3). म्हणजे नाही म्हणणाऱ्यांच्या हाती शास्त्रवचन होते! पण त्याच नियमशास्त्रात गरीब व उपरी यांच्यासाठी शेतात सरवा ठेवण्याची आज्ञाही होती (लेवीय 19:9-10). बवाजाने ही दुसरी आज्ञा पाळली. तिला त्रास देऊ नका असे त्याने गड्यांना बजावले, आणि जेवणाच्या वेळी तिला जवळ बोलाविले (2:9, 14). मत्तय 1:5 सांगते की बवाजाची आई राहाब. तीही बाहेरूनच आलेली. परक्या आईच्या मुलास परकेपण कळले असेल, यात नवल नाही.

शिक्षकांनी एक गोष्ट मुलांना शोधावयास सांगावी. या पुस्तकात रूथला पुनःपुन्हा ‘मवाबी’ म्हटले आहे, अगदी 4:10 पर्यंत. मग वेशीतील वडील व लोक तिला राहेल व लेआ यांच्या पंक्तीत बसवून आशीर्वाद देतात (4:11-12). त्यानंतर 4:13 मध्ये ती फक्त ‘रूथ’ आहे; ‘मवाबी’ हा शब्द पुन्हा येत नाही. विवाह बवाजाने केला, पण परकेपण गावाने पुसले. बाळाचे नावदेखील शेजारणींनी ठेविले.

4. सक्ती नको

जोडीदार अन्य धर्माचा असेल तर? नामीने रूथला ओढले नाही. उलट परत जा म्हटले. रूथचा निश्चय तिचा स्वतःचा होता. आपल्या मराठी मंडळीतील उदाहरण पाहा. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली वर्षे दोघांनाही जड गेली. पण लक्ष्मीबाई आपल्या पायांनी आल्या, म्हणूनच त्यांची साक्ष आजही खरी वाटते.

चर्चेसाठी प्रश्न

1. आपल्या मंडळीत अन्य भाषेची वा जातीची सून किंवा जावई आहे काय? त्यांना अजून कोणत्या नावाने ओळखतात?
2. गेल्या वर्षभरात त्यांच्या घरी कोण जेवले, व ते कोणाच्या घरी जेवले?
3. उपासनेत त्यांच्या भाषेतील एखादे गीत गाता येईल काय?
4. वेशीतील वडिलांचे काम आपल्या मंडळीत कोणी करावयाचे? पुढील रविवारपूर्वी त्यांना जाऊन भेटा.