उत्तरायणात अहमदाबादला जाताना

जानेवारी जवळ आला की आमच्या ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "संक्रांतीला अहमदाबाद कसं वाटेल?" मी सांगतो, जरूर जा. जुनं शहर पायी फिरा, पहाटे उठून नळसरोवर गाठा, उंधियू-जिलबी खा. आणि बॅगेत बोथट टोकाची एक लहान कात्री, एक सुती ओढणी आणि घडी करून ठेवलेला पुठ्ठ्याचा खोका असू द्या. शेवटच्या तीन वस्तू कशाला, हे मात्र दोन वाक्यांत सांगता येत नाही.

आमच्या गटात सहलीचा बेत ठरायचा म्हणजे वाद ठरलेला. एक मैत्रीण इतिहासात रमणारी. एक मित्र गळ्यात दुर्बीण अडकवूनच जन्मल्यासारखा. आणि एक येवल्याचा, संक्रांत आली की ज्याचे हात पतंगाच्या आसारीकडे आपोआप वळतात. अहमदाबादचं नाव निघालं आणि पहिल्यांदाच तिघांचं एकमत झालं.

"१४११ साली अहमदशहानं वसवलेलं शहर, आणि जागतिक वारसा शहराचा मान मिळालेलं देशातलं पहिलं," मैत्रीण म्हणाली. "२०१७ साली. मला भद्रचा किल्ला, जामा मशीद आणि सिदी सैयदची जाळी नीट वेळ देऊन बघायची आहे. आणि रायखडची गायकवाड हवेली. आपल्याकडच्या सत्तेची खूण आहे ती."

"नळसरोवर तिथून दोन तासांच्या आत," पक्षीवाला मित्र म्हणाला. "रोहित, पेलिकन, करकोचे. सगळं पाहुण्यांचं गाव जमलेलं असेल."

"आणि उत्तरायण!" येवलेकर म्हणाला. त्याला दुसरं काही सांगायचंच नव्हतं.

जुन्या शहरात पायी फिरायचं तर सकाळी लवकर निघावं. महापालिकेचा वारसा-फेरफटका काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून सुरू होतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. साधारण अडीच तास लागतात. वाट एकेका पोळातून जाते. पोळ म्हणजे एका दरवाज्याआडचा मोहल्ला. आत अरुंद बोळ, कोरीव लाकडी खांबांची घरं, मध्येच एखादं जैन देरासर. कवी दलपतराम चौकात त्यांचा पुतळा ओसरीवर बसलेला आहे. पण आम्ही सगळे ज्यापाशी थांबलो तो होता चबुतरा.

हा आपल्याकडचा बसायचा चबुतरा नव्हे. चौकाच्या मधोमध एक उंच खांब, त्याच्या डोक्यावर कोरीव नक्षीचं छोटं घर, वर छत्री. तिथे पक्ष्यांसाठी दाणा ठेवतात. मांजरीला चढता येऊ नये इतकी उंची असते. दाण्याचा खर्च पोळातली माणसं वाटून घेतात किंवा कुणी आपल्या माणसाच्या स्मरणार्थ देतं. दाटीवाटीच्या गल्लीत झाडाला जागा नव्हती, म्हणून या लोकांनी लाकडाचं आणि दगडाचं झाडच उभं केलं. पारवे, चिमण्या, पोपट अजून येतात. गुजरातेतली जीवदयेची ही परंपरा फार जुनी आहे. पिएत्रो देला व्हाले नावाचा इटालियन प्रवासी १६२३ मध्ये खंबायतला आला होता आणि तिथे त्यानं पक्ष्यांचं इस्पितळ पाहिलं, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. पांजरपोळ ही संस्था तर अहमदाबादच्या महाजनांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवली.

हे सगळं सांगितलं, कारण पुढे जे घडलं त्यात कुणीही निर्दय नव्हतं. सगळी या परंपरेतलीच, दयाळू माणसं होती.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी आम्ही खाडियातल्या एका घराच्या गच्चीवर होतो. त्या दिवशी जुन्या शहरातल्या गच्च्या पाहुण्यांना भाड्यानं मिळतात. गच्चीला गच्ची लागलेली, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे वर, चिक्कीचे डबे फिरताहेत, कुणाचा पतंग कापला की चारी बाजूंनी आरोळी. आमच्या येवलेकराला तर शेजारच्या गच्चीवरच्या काकांनी अर्ध्या तासात आपलासा करून टाकला. इतका मोकळा, माणसांनी भरलेला सण मी क्वचितच पाहिला आहे.

संध्याकाळी ऊन कलल्यावर शराटींचा एक थवा आला. काळा शराटी हा मोठा, बाकदार चोचीचा पक्षी, डोक्यावर लाल टोपी, खांद्यावर पांढरा ठिपका. दिवसभर शेतात, माळावर चरतो आणि सूर्यास्ताला उंच झाडावर मुक्कामाला येतो. त्याच वेळी आकाशात सर्वांत जास्त पतंग असतात. थव्यातला एक पक्षी एकदम हवेत अडखळला, गोल फिरला आणि आमच्या पलीकडच्या गच्चीवर पडला.

पाच-सहा जण धावले. एकानं त्याला उचललं. मांजा पंखाभोवती गुंडाळला होता, तो दुसऱ्यानं ओढून काढायला सुरुवात केली. एका बाईंनी लगबगीनं वाटीत पाणी आणून त्याच्या चोचीत ओतलं. कुणी हळद आणली आणि जखमेवर दाबली. मुलं गोल करून उभी राहिली, कुणी फोटो काढत होतं. प्रत्येकाला तो वाचायला हवा होता. आमचा पक्षीवाला मित्र दोन गच्च्या ओलांडून पोचेपर्यंत हे सगळं होऊन गेलं होतं. रिक्षानं त्याला जवळच्या उपचार केंद्रावर नेलं. टेबलावर ठेवल्यावर काही मिनिटांत तो गेला.

तिथली तरुण डॉक्टर अत्यंत थकलेली होती. बाहेर खोक्यांची रांग लागलेली. तरीही तिनं आम्हाला जे सांगितलं, ते मला इथे पुढे पोचवायचं आहे.

पक्ष्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, त्वचेचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. त्याच्या कडेनं एक स्नायुबंध जातो. उडताना पंख ताठ राहतो तो याच्यामुळे. मांजा नेमका इथेच कापतो. कापलेला पडदा वेळेत शिवता आला तर पक्षी पुन्हा उडू शकतो. पण मांजा ओढला की तो करवतीसारखा आणखी आत जातो आणि शिवायला काही उरत नाही. म्हणून मांजा ओढायचा नाही. पक्ष्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापायचा आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्यायचा. तो डॉक्टर काढतील.

पाण्याचं तर आणखी वाईट. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशी, तोंडातच उघडं असतं. धक्क्यात असलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जातं. आमचा शराटी जखमेनं गेला की त्या वाटीभर पाण्यानं, हे ती ठामपणे सांगू शकली नाही. पण पाणी, दूध, दाणे काहीही तोंडात घालू नका, हे तिनं दोनदा सांगितलं. हळद, तेल, मलमही नको. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापसाच्या घडीनं हलकेच दाबून धरायचं, बस.

मग काय करायचं? ओढणी किंवा पंचा पक्ष्यावर टाकायचा. डोळ्यांपुढे अंधार झाला की तो शांत होतो. पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी धरायचं, छाती आवळायची नाही, कारण पक्ष्याला श्वास घ्यायला छाती हलावी लागते. बगळा, करकोचा, शराटी असा लांब चोचीचा पक्षी असेल तर तोंड लांब ठेवा. बगळा घाबरला की सरळ डोळ्यावर चोच मारतो. घार असेल तर पंजे सांभाळा. मग भोकं पाडलेल्या खोक्यात, तळाशी कापड घालून ठेवायचं आणि खोका बंद. पिंजरा नको, कारण त्यात तो धडपडून पंख आणखी मोडून घेतो. आवाज नको, गर्दी नको, फोटो नको. वन्य पक्ष्याला जवळून बघताना आपल्याला कौतुक वाटतं. त्याला मात्र शिकारी डोक्यावर उभा दिसत असतो. काही पक्षी केवळ या भीतीनंच दगावतात. आणि घरी ठेवून बरा करू, असा विचारही नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते चालत नाही, आणि त्या पक्ष्याचं त्यात हितही नाही.

गुजरातेत २०१७ पासून दरवर्षी १० ते २० जानेवारीच्या दरम्यान करुणा अभियान चालतं. वनखातं, पशुवैद्य आणि असंख्य स्वयंसेवक ठिकठिकाणी केंद्रं लावून बसतात. १९६२ या क्रमांकावर प्राण्यांची रुग्णवाहिका मिळते. तुम्ही जिथे उतरणार आहात तिथून जवळचं केंद्र कुठे आहे, हे पोचल्याच दिवशी विचारून ठेवा. सण सुरू झाला की रस्ते, फोन, माणसं, सगळंच अडकलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, एका कडुनिंबात पारवा लटकलेला दिसला. या वेळी घाई झाली नाही. स्वयंसेवक आकडीची लांब काठी घेऊन येईपर्यंत आमच्या मित्रानं खालच्या सगळ्यांना शांत केलं. मांजा कापला, ओढणी टाकली, चिक्कीच्या दुकानातून मागून आणलेल्या खोक्यात ठेवला. त्याला टाके पडले, आणि आम्ही शहर सोडलं तेव्हा तो दाणे टिपत होता.

चिनी मांजावर, म्हणजे नायलॉनच्या आणि न कुजणाऱ्या दोऱ्यावर, राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. ती बंदी योग्यच आहे. पण आपण सुती मांजा वापरतो म्हणजे आपल्याकडून काही होत नाही, ही समजूत मी तिथे अनेकांच्या तोंडी ऐकली, आणि ती खरी नाही. सुती दोऱ्यालाही काचेची पूड लावलेली असते. पंखाचा पडदा कापायला ती पुरते. आमच्या येवलेकरानं हे ऐकलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सूर्य कलला की पतंग खाली. हे तर करता येईल." करता येतं. पक्षी सकाळी बाहेर पडतात आणि सूर्यास्ताला परततात. त्या दोन वेळा आकाश मोकळं ठेवलं तर बरेच अपघात टळतात. रात्री पतंगाच्या दोरीला कंदील बांधून उडवतात, तेही टाळावं. घुबडं आणि वटवाघळं तेव्हाच बाहेर असतात. साध्या, काच न लावलेल्या दोऱ्यानं पतंग उडवणं मला सर्वांत पटतं. पेच लागत नाही खरा, पण पतंग तितकाच उंच जातो.

नळसरोवराला जाणार असाल तर सणाचे दोन दिवस सोडून जा आणि सूर्योदयाला तिथे असा. सव्वाशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे उथळ पाणी २०१२ पासून पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, आणि हिवाळ्यात तिथली पाखरं लाखांच्या घरात जातात. पढार समाजाचे नावाडी बांबूनं नाव ढकलत नेतात, त्यांना पक्षी आणि पाणी दोन्ही कळतं. "साहेब, थवा उडवू का? फोटो छान येईल," असं कुणी विचारलं तर नको म्हणा आणि ठरलेली मजुरी आनंदानं द्या. मध्य आशियातून आलेल्या पक्ष्यानं परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद आपल्या फोटोसाठी खर्च होऊ नये. वेळ कमी असेल तर अहमदाबादहून जवळचं थोळचं तळंही सुंदर आहे. सारसाची जोडी तिथे दिसू शकते.

आणखी एक, आणि हे माणसांसाठी. उत्तरायणाच्या आगेमागे दुचाकी शक्यतो टाळा. रस्त्यावर आडवा आलेला मांजा दिसत नाही आणि गळा कापतो. निघावंच लागलं तर गळ्याला जाड मफलर गुंडाळा, हँडलला लावायची लोखंडी कमान तिथे सगळीकडे मिळते ती लावा, मुलाला पुढे बसवू नका, वेग कमी ठेवा.

हे सगळं अहमदाबादपुरतं नाही. येवल्यात, नाशकात, नागपुरात संक्रांतीला हेच आकाश असतं. सण संपला तरी मांजा झाडांत, तारांवर, मोबाइलच्या मनोऱ्यांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये घरटी बांधायला आलेली पाखरं त्यात अडकतात. तेव्हा संक्रांतीनंतरच्या रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन बाहेर पडा. हाताला लागेल तेवढा मांजा गोळा करा, बारीक तुकडे करून मगच कचऱ्यात टाका. विजेच्या तारांवरच्या मांजाला मात्र हात लावू नका, काठीही नको. वीज कंपनीला कळवा. महाराष्ट्रात जखमी पक्षी सापडला तर वनविभागाचा क्रमांक १९२६ आहे. तो आजच फोनमध्ये घालून ठेवा.