हिशेब तपासा, निकाल आधीच लावू नका

प्रश्न : आम्ही चौघे पूर्वी एका आश्रमाचे साधक होतो. आमच्या देणग्यांचं काय झालं ते शोधतोय. ताळेबंदात ‘इमारत निधी’ दिसतो, पण इमारत उभीच नाही. हा अपहारच ना?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. इमारत निधी ताळेबंदाच्या डाव्या बाजूला असतो. तो पैसा आहे कुठे, हे उजवी बाजू सांगते. तिथे तेवढ्या मुदतठेवी असतील, तर पैसा शाबूत आहे, काम रखडलंय. ‘विश्वस्तांना उचल’ अशी मोठी रक्कम असेल, तर मात्र विचारायलाच हवं.

आश्रम महाराष्ट्रात नोंदलेला सार्वजनिक न्यास असेल, तर त्याला १९५० चा विश्वस्त व्यवस्था कायदा लागू होतो. धर्मादाय कार्यालयातून ताळेबंद, उत्पन्न-खर्चपत्रक आणि लेखापरीक्षण अहवालाच्या नकला मागा, चार-पाच वर्षांच्या. लेखापरीक्षकाचे शेरे आधी वाचा. मग विश्वस्तांना लेखी विचारा आणि उत्तराला वेळ द्या. समाधान झालं नाही, तर कलम ४१ब खाली चौकशीची मागणी करता येते. तिथे तुमचा हितसंबंध काय, असा मुद्दा निघू शकतो. देणगीच्या पावत्या जपून ठेवा.

पत्रात ‘पैसे खाल्ले’ लिहू नका. ‘या रकमेचा विनियोग समजला नाही’ असं लिहा. अब्रुनुकसानीची भीती टळते आणि उत्तर मिळण्याची शक्यता वाढते. आश्रम सोडतानाचा सल खरा असेल. पण तो जमाखर्चाच्या वहीत मांडता येत नाही.