भीमा कोरेगावचा विजयस्तंभ

समितीच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मला विचारले, "काका, आपला राजुरा तालुका तर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मग पेशव्यांच्या लढाईतल्या स्तंभाशी आपला संबंध काय?" प्रश्न रास्त आहे. अभिवादन करणाऱ्या मोठ्यांनाही त्याचे उत्तर चटकन देता येईल असे वाटत नाही.

पुण्यापासून सुमारे ३० किलोमीटरवर, भीमा नदीकाठी, पेरणे गावाच्या हद्दीत हा स्तंभ उभा आहे. त्याची पायाभरणी २६ मार्च १८२१ रोजी झाली. तो उभारला इंग्रजांनी, आणि स्वतःच्या विजयासाठी. हे लपविण्याचे कारण नाही.

आपल्या सभांतून "पाचशे महारांनी अठ्ठावीस हजारांना हरविले" असे सांगितले जाते. सांगताना थोडे जपावे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन शिरूरहून निघाला, तेव्हा त्याच्याजवळ ८३४ माणसे होती : सुमारे पाचशे पायदळ, तीनशेच्या आसपास घोडेस्वार आणि मद्रास तोफखान्याचे २४ गोलंदाज. पायदळात महार पुष्कळ होते, पण इतर जातिधर्मांचेही शिपाई होते. पेशव्यांचे सैन्य अठ्ठावीस हजार असले, तरी गावात शिरून लढले ते दोनेक हजार. १ जानेवारी १८१८ रोजी, रात्रभराच्या चालीनंतर, अन्नपाण्यावाचून ही तुकडी दिवसभर झुंजली. तिची २७५ माणसे मेली, जखमी झाली वा बेपत्ता झाली. रात्री पेशव्यांचे सैन्य निघून गेले. आकडे कमी केल्याने हा पराक्रम कमी होत नाही.

स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत : गणनाक बाळनाक, रूपनाक लखनाक, भागनाक हरनाक. ज्यांची सावलीही नको होती, त्यांची नावे बापाच्या नावासह दगडावर आली!

पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांनीच महारांची सैन्यभरती बंद केली. स्तंभ तसाच उभा राहिला, नोकरी मात्र गेली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. या नोकरीचे मोल केवळ पगाराचे नव्हते. पलटणीत शिपायांच्या मुलांना शिक्षण मिळत असे. सुभेदार रामजी सकपाळ लष्करातच शिकले व शिकविणारे झाले. त्यांच्या मुलाचा जन्म १८९१ साली महूच्या छावणीत झाला.

तोच मुलगा, बॅरिस्टर होऊन, १ जानेवारी १९२७ रोजी या स्तंभापाशी उभा राहिला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब चांद्याला आले, धम्मदीक्षा द्यायला. चांदा म्हणजे आपले चंद्रपूर, राजुऱ्याहून वर्धा नदी ओलांडली की आलेच.

त्या मुलाला मी एवढेच सांगितले, आणि वहीत ती २२ नावे उतरवून आणायला लावली.