आधी वारस, मग गिऱ्हाईक

हिंगोली

चि. बापू,

आजोबांचं इथलं घर विकायचं तुम्ही भावंडांनी मनावर घेतलं आहे, असं ताईकडून कळलं. निर्णय तुमचा आहे आणि मला तो चुकीचा वाटत नाही. तुझी नोकरी पुण्याला, मुलांची शाळा तिथे. बारा महिने कुलूप लावून ठेवलेल्या घराने कुणाचंच भलं होत नाही. मला बोलायचं आहे ते क्रमाबद्दल. घर विकायचं म्हटलं की माणूस आधी भाव विचारतो, मग दलाल गाठतो, मग गिऱ्हाईक येतं, इसार होतो आणि सगळ्यात शेवटी कागदांची पिशवी उघडली जाते. हा क्रम उलटा केला पाहिजे. आधी कागद, त्याबरोबरच सगळ्या वारसांची नावं आणि सह्या, आणि गिऱ्हाईक शेवटी. कायद्याचा धाक घालायला हे सांगत नाही. यात तुमच्या पैशाचं हित आहे आणि नात्यांचंही, ते कसं हे सविस्तर लिहितो.

हिंगोलीत घर घेतो कोण, याचा आधी विचार कर. नुसती गुंतवणूक म्हणून जुनं घर घेणारे इथे थोडेच. इथलं गिऱ्हाईक म्हणजे सेनगाव, औंढा, कळमनुरीकडचा शेतकरी, ज्याला मुलांच्या शिक्षणासाठी जिल्ह्याच्या गावी बिऱ्हाड करायचं आहे, मोंढ्यातला व्यापारी, जिल्हा परिषदेतला, शाळेतला किंवा राज्य राखीव पोलीस दलातला नोकरदार. 1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, जिल्ह्याची कार्यालयं इथे आली आणि त्यांच्यामागून हे नोकरदार गिऱ्हाईकही आलं. शेतकऱ्याच्या आणि व्यापाऱ्याच्या हातात पैसा येतो तो हळद शिजवून, वाळवून बाजारात गेली की, म्हणजे साधारण उन्हाळ्यात. नोकरदार मात्र वर्षभर कधीही घेऊ शकतो, कारण तो पगारावर बँकेचं कर्ज काढतो. आणि बँक घराच्या भिंती बघण्याआधी मालकीची साखळी बघते. ती वकिलाकडून साधारण तीस वर्षांचा शोध अहवाल मागते. एक कडी तुटलेली निघाली की प्रकरण परत. असं झालं की कर्जावर घेणारा प्रत्येक जण तुमच्या दारातून माघारी जातो. उरतो तो रोख पैसेवाला, आणि दुसरं कुणी येणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. जुन्या घराचा भाव पडतो तो इथे. रंग उडाला म्हणून जेवढा पडत नाही, तेवढा नोंद राहिली म्हणून पडतो. कागद सरळ असले की दारात येणारी गिऱ्हाइकं वाढतात, आणि चार गिऱ्हाइकं आली की भाव आपोआप उभा राहतो.

आपल्या भागात कागदांचा गुंता जरा जास्त असतो, त्याला इतिहास कारण आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि सरकारी व्यवहार उर्दूत चालायचा. त्यामुळे जुन्या घराचं मूळ खरेदीखत उर्दूत, क्वचित मोडीत असू शकतं. ते ट्रंकेत असेल तर जाणकाराकडून त्याचं मराठी भाषांतर करून घे. मूळ जमीन इनामाची असेल तर 1954 च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याचा संबंध येतो. म्हणून नगर भूमापनाची मिळकत पत्रिका काढलीस की धारणाधिकाराचा रकाना बोट ठेवून वाच. तिथे काही अट असेल तर विक्रीआधी सरकारी परवानगी लागू शकते, आणि ती गिऱ्हाइकाने शोधून काढण्यापेक्षा तुला आधी ठाऊक असलेली बरी. मग जुन्या खतातली चतुःसीमा बघ. पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर, दक्षिणेस तमक्याची मोकळी जागा, असं तिथे लिहिलेलं असतं. ते अमके-तमके कधीच गेले. मोकळ्या जागेवर इमारत झाली, रस्ता रुंदावला. कागदावरची हद्द आणि जमिनीवरची भिंत जुळते का, हे भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही. शेजाऱ्याशी हातभर बोळावरून कुरबुर असेल तर ती मोजणीच्या दिवशी, शेजाऱ्याच्या समोर मिटवावी. खरेदीखताच्या दिवशी निघाली तर व्यवहार मोडतो. आणि नगर परिषदेच्या घरपट्टीच्या पावतीवर आपलं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. पावतीने कर भरल्याचं कळतं, मालकी सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही वेळोवेळी म्हटलं आहे की अशा नोंदी मालकी देत नाहीत.

आता वारसांचं. इथे तू म्हणशील की घर तर बाबांचंच होतं, आत्यांनी कधी काही मागितलं नाही, मग त्यांना कशाला मध्ये आणायचं? याला दोन उत्तरं आहेत. पहिलं कायद्याचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची स्वतःची मिळकत त्याची बायको, आई, मुलगे आणि मुली यांच्यात सारखी जाते. वडिलोपार्जित मिळकतीतही 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि दुरुस्तीच्या दिवशी तिचे वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा न्यायालयाचा हुकूमनामा झाला असेल तरच गोष्ट वेगळी. तोंडी वाटणी झाली होती एवढं म्हणून आता सहसा भागत नाही. तेव्हा तुझ्या आत्या आणि तुझ्या बहिणी या हिस्सेदार आहेत, आणि तुझी आई सुद्धा. त्यांनी मागितलं नाही म्हणजे सोडलं, असं होत नाही. सोडायचं असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. नुसत्या बाँडवर घेतलेल्या सहीला किंमत नाही. दुसरं उत्तर माणुसकीचं. राखीला ओवाळणी घालून हिस्सा सुटल्यासारखं मानण्याची रीत आपल्याकडे फार दिवस चालली. पण न विचारता घेतलेली गोष्ट आणि विचारल्यावर आनंदाने दिलेली गोष्ट यांत फरक आहे. आत्यांना सरळ सांग, घर विकतो आहोत, तुमचा इतका हिस्सा आहे, घ्यायचा की सोडायचा हे तुम्ही ठरवा. घ्यायचा म्हणाल्या तर कुरकुर न करता द्या. एकीला घरच ठेवून घ्यायचं असेल तर तिला पहिली संधी द्या. एक वारस हिस्सा विकू लागला तर दुसऱ्या वारसांना घेण्याचा आधी हक्क, ही कायद्यातलीही तरतूद आहे. चार ठिकाणी हिस्से गेले तर तुझ्या वाट्याला कमी येईल, हे खरं. पण एका सहीवाचून अडलेलं घर न्यायालयात पंधरा-वीस वर्षं पडून राहतं, तेव्हा कुणाच्याच वाट्याला काही येत नाही.

दलाल हे सगळं बघून घेईल, असं तुझ्या मनात येईल. दलालाला मी कमी लेखत नाही. गावात कुणाला घर हवं आहे, कुणाची ऐपत किती, हे त्याला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं आणि त्या माहितीचे पैसे त्याला जरूर द्यावेत. पण त्याचा धंदा व्यवहार जुळवण्याचा आहे, तुझी मालकी निर्वेध करण्याचा नाही. ते काम वकिलाचं, आणि वकील आपला स्वतःचा हवा. रेराचं संरक्षण आहे ना, असं म्हणशील, तर 2016 चा तो कायदा मुख्यतः बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांसाठी आणि त्यांत विक्री करणाऱ्या एजंटांसाठी आहे. एका घरमालकाने दुसऱ्याला विकलेलं जुनं घर त्यात बसत नाही. म्हणून दलाली किती, कोण देणार आणि कधी देणार, हे आधी लिहून घे. खरेदीखत झाल्यावरच ती दे. 'तुम्हाला इतके मिळाले म्हणजे झालं, वरचे माझे' असा सौदा करू नकोस, कारण मग तुझ्या घराचा खरा भाव तुला कधीच कळणार नाही. इसार आपल्या खात्यावर घे, पावतीत खरेदीखताची मुदत लिही, आणि पूर्ण पैसे मिळाल्याशिवाय ताबा देऊ नकोस. सारख्या पुण्याहून खेपा जमणार नाहीत म्हणून मुखत्यारपत्र द्यावं लागलं, तर ते घरातल्याच विश्वासू माणसाला, ठरावीक कामापुरतं, नोंदवून दे. मुखत्यारपत्रावर 'विकलं' असं करणारे व्यवहार म्हणजे मालकी हस्तांतर नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच ठरवून टाकलं आहे.

सगळ्यात मोठा मोह पुढे येईल तो रोखीचा. खतात सरकारी दराने कमी रक्कम लिहू, बाकी हातात देऊ, दोघांचाही फायदा, असं कुणीतरी नक्की म्हणेल. हा फायदा तुझा नाही. घराच्या विक्रीत 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. शिवाय तो पैसा घेऊन पुण्यात करणार काय? तिथल्या फ्लॅटच्या व्यवहारात तो उघडपणे घालता येणार नाही. ज्या कराच्या भीतीने हे करायचं, तो कर हिशेबाने पाहिला तर वाटतो तेवढा नसतो. जुन्या वारसाहक्काच्या घराची किंमत 1 एप्रिल 2001 ची धरता येते, मात्र त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्याच्या मर्यादेत. त्यासाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यावा. 23 जुलै 2024 च्या आधीपासून असलेल्या घराला दोन पर्याय आहेत: महागाईची वजावट न घेता नफ्यावर 12.5 टक्के किंवा ती वजावट घेऊन 20 टक्के, जो कमी पडेल तो. नफा दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेण्यात घातला तर सूट मिळते. आणि इथे वारसांचा मुद्दा पुन्हा येतो. सगळे हिस्सेदार खतात असले तर नफा प्रत्येकाच्या हिश्श्यात वाटला जातो आणि ज्याच्या-त्याच्या सवलती वेगळ्या मिळतात. आत्यांना त्यांचा हक्क देण्यात कराच्या हिशेबानेही तोटा नाही. खरा भाव किती, हे चहाच्या टपरीवर विचारू नकोस. त्याच गल्लीत वर्ष-दोन वर्षांत झालेल्या खरेदीखतांची सूची दोन (इंडेक्स टू) काढ. रेडी रेकनर हा मुद्रांकापुरता दर आहे, बाजाराचा नव्हे.

शेवटची हरकत थांबण्याची. औंढ्याजवळच्या लायगो वेधशाळेच्या प्रकल्पाला केंद्राने एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी मंजूर केले, 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं, त्याच वर्षी वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. मग पाच वर्षं थांबलो तर भाव दुप्पट होणार नाही का, असं लोक म्हणतात. गावाची प्रगती होईल, याचा मला आनंदच आहे. पण वेधशाळेने औंढ्याच्या परिसरात जो भाव चढेल, तो हिंगोलीच्या जुन्या गल्लीतल्या मातीच्या छताच्या माळवदाला लागू होतोच असं नाही. आणि माळवद थांबत नाही. त्यावरचा पांढऱ्या मातीचा थर दर पावसाळ्याआधी सारखा करावा लागतो. एक वर्ष चुकलं की पाणी तुळईत उतरतं, तुळई कुजली की वरचं सगळं वजन भिंतीवर येतं. दगड-मातीच्या भिंतींवरचं हे वजन किती जीव घेऊ शकतं, हे 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीच्या भूकंपाने दाखवलं, आणि 2024 मध्ये मार्च आणि जुलै असे दोनदा 4.5 तीव्रतेचे धक्के आपल्या जिल्ह्यालाच बसले. बंद घरातल्या भेगा कुणी बघत नाही. थांबायचंच असेल तर घर नीट करून, कुणाला तरी भाड्याने देऊन, लेखी करारावर थांबा. नुसत्या कुलपावर थांबणं म्हणजे दर पावसाळ्यात थोडं थोडं घर फुकट देणं. आणि कागद सरळ करण्याचं काम तर थांबल्याने अवघडच होत जातं. आज ज्यांच्या सह्या मिळू शकतात त्यातलं कुणी उद्या गेलं, की एका सहीच्या जागी पाच सह्या लागतात.

म्हणून येत्या सुट्टीत दर विचारायला येऊ नकोस, कागद काढायला ये. मिळकत पत्रिका, जुनं खत, मृत्यूचे दाखले, वारस नोंद, मोजणीचा अर्ज, एवढं पहिल्या फेरीत होईल. आत्यांशी मात्र फोनवर बोलू नकोस, घरी जाऊन बस, ताईला बरोबर ने. हे सगळं व्हायला कदाचित वर्ष लागेल. त्यानंतर पुढची हळद बाजारात उतरेल त्या सुमाराला घर विकायला काढ, आणि आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर सगळी फाईल उघडी ठेव. ज्याच्याकडे लपवायला काही नाही, त्याला दर सांगताना आवाज खाली करावा लागत नाही. तेव्हा जो भाव सांगशील, त्यावर ठाम राहा.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मामा