फटीतलं वेढेदार फूल

प्रश्न : आम्ही फ्लोरिडात टँपाजवळ राहतो. दिवाळीच्या सुमारास घरी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली आणि तिच्यात इथल्याच समुद्रात तयार केलेला लाइव्ह रॉक, म्हणजे जीवांची वस्ती असलेला दगड, टाकला. तिसऱ्या आठवड्यात एका दगडाच्या फटीतून काचेच्या दोऱ्यांसारखं काहीतरी बाहेर आलं. जरा धक्का लागला की सुर्रकन आत जातं. दुकानदार म्हणतो, हे ॲप्टेशिया आहे, आत्ताच मारा, नाहीतर टाकीभर होईल. आठ वर्षांच्या मुलीला ते ठेवायचंय. तिनेच भिंगातून बघून सांगितलं की प्रत्येक दोऱ्यावर पांढरे वेढे आहेत. फोटो पाठवतेय. शिवाय रात्री कधीकधी टाकीतून काच तडकल्यासारखा ‘टक्’ आवाज येतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

उत्तर : आधी मुलीला शाबासकी द्या. फोटो मोठा करून पाहिला. ते पांढरे वेढे खरेच आहेत आणि सगळा निकाल त्यांच्यावरच लागतो. तुमच्याकडे आलंय ते बार्थोलोमिया ॲन्युलाटा नावाचं समुद्रफूल. टाकीवाले त्याला कॉर्कस्क्रू ॲनिमोन म्हणतात. ॲन्युलाटा म्हणजे कडी-वलयं असलेलं. वेढे दिसतात ते दंशपेशींचे पुंजके. पारदर्शक बाहूवर ते कुठे अर्ध्या कडीसारखे, तर कुठे मळसूत्रासारखे चढत जातात.

दुकानदाराला मात्र अगदीच वेड्यात काढू नका. ॲप्टेशिया आणि हे एकाच कुळातले, सख्खे नसले तरी चुलत. दोघांचं अंग फटीत दडलेलं, दोघांचे बाहू लांब आणि टोकाला निमुळते, दोघंही भित्री. फरक बाहूंवर दिसतो. ॲप्टेशियाचे बाहू साधे, वेढे नसलेले, आणि त्यांना बहुधा तपकिरी झाक असते. पण ही झाक पुरावा म्हणून धरू नका. तो रंग त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालांचा असतो. काही आठवडे अंधारात ठेवलं तर शैवाल घटतात आणि तेच ॲप्टेशिया पांढुरकं दिसायला लागतं. रंगावरून ओळख सांगणाऱ्यांचं मी फारसं ऐकत नाही.

ॲप्टेशिया हे नाव फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५८ मध्ये दिलं. याच गॉसच्या १८५४ सालच्या ‘द ॲक्वेरियम’ या पुस्तकाने दिवाणखान्यात समुद्र मांडायचं खूळ इंग्लंडभर पसरवायला मोठा हातभार लावला. म्हणजे खूळ पसरवणारा आणि त्या खुळाच्या कायमच्या शत्रूचं बारसं करणारा माणूस एकच!

शत्रू का म्हणतात, ते मी स्वतः अनुभवलंय. माझ्या पहिल्या टाकीत एक ॲप्टेशिया दिसलं, ते दाढीच्या पात्याने खरवडून काढलं आणि विषय संपवला. महिन्याभराने त्याच दगडावर नऊ मोजली. त्याच्या तळव्याचा कणभर तुकडा दगडाला चिकटून राहिला तरी त्यातून नवं उभं राहतं. एरवीसुद्धा सरकताना ते असे तुकडे मागे टाकत जातं. रक्तबीजाची गोष्ट आजीकडून दहा वेळा ऐकली होती, पातं हातात घेताना काही आठवली नाही.

प्रयोगशाळेत मात्र हीच खोड हवीशी वाटते. एकापासून हुबेहूब तसेच कितीतरी मिळतात, म्हणून प्रवाळ आणि शैवाल यांचं सहजीवन समजून घ्यायला शास्त्रज्ञ हेच समुद्रफूल वापरतात. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी अभ्यासकांनी त्याची रवानगी एक्सॅप्टेशिया अशा नव्या प्रजातीनामाखाली केली. टाकीवाल्यांनी ते मनावर घेतलेलं नाही.

असा अनोळखी पाहुणा दिसला की मी सगळ्यात आधी विचारतो, दगड कुठला? तुमचं उत्तर तयारच आहे. फ्लोरिडात समुद्रातला नैसर्गिक दगड उपटून विकायला १९९० च्या दशकापासून बंदी आहे. तेव्हापासून खाणीतला चुनखडक भाड्याने घेतलेल्या समुद्रतळावर टाकतात आणि त्यावर जीव वस्तीला आले की काही वर्षांनी वर काढतात. त्यामुळे तुमच्याकडचा पाहुणा अटलांटिकच्या बाजूचा असणार. दुकानात सर्रास सांगतात ते मजानो नावाचं समुद्रफूल, बुटकं, बाहूंची टोकं फुगीर असलेलं, ते हिंदी-प्रशांत महासागराकडचं. विकणाऱ्याच्या टाकीत सगळ्या जगाचे दगड एकत्र भिजत नसतील, तर त्याचं नाव यादीतून खोडून टाका.

फ्लोरिडाच्या दगडावर आणखी दोघं भेटू शकतात. एक रॉक फ्लॉवर : पसरट चकतीच्या कडेला आखूड बाहू, बरेचदा भडक रंग. ते मिळालं तर तुमचं नशीब, लोक त्याला पैसे मोजतात. दुसरं दिवसा नारिंगी गोळा होऊन बसतं आणि दिवे विझले की फुलतं. त्याच्या प्रत्येक बाहूच्या टोकाला नारिंगी मणी असतो. त्याला बॉल ॲनिमोन म्हणतात खरे, पण ते खऱ्या ॲनिमोनांच्या पंगतीतलं नाही.

आणि बटणांसारखे आखूड बाहूंचे पुंजके, एकमेकांना चिकटून चटईसारखे पसरलेले दिसले तर हात आवरा. ते झोअँथिड. मुंबईत हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला त्यांच्या चटया उघड्या पडतात. त्यांच्यातल्या पॅलिथोआच्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन हे भयंकर विष असतं. असा दगड उकळून किंवा ब्रशने घासून ‘स्वच्छ’ करायला गेल्यावर विष वाफेतून आणि तुषारांतून श्वासात जातं. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये टाकीची सफाई करताना एका कुटुंबाला असंच रुग्णालयात जावं लागलं होतं. ओळख पटलेली नसलेला दगड घरातल्या पातेल्यात कधीही उकळू नका. आणि हाजी अलीचं नाव वाचून आपल्याकडच्या कुणाला पिशवी घेऊन निघावंसं वाटत असेल तर त्याने थांबावं. दगडाबरोबर प्रवाळही पिशवीत येऊ शकतो, आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आता तुमच्या पाहुण्याचं काय करायचं? एकच असेल तर राहू द्या. मोठं झालं की तळहाताएवढं फुलतं आणि शेजारच्या प्रवाळाला डसतं, एवढं लक्षात ठेवून तो दगड एका कोपऱ्यात हलवा. तेही तुकडा टाकून वाढतं, तेव्हा पातं नकोच. उद्या खरोखर ॲप्टेशिया निघालं तर पाण्यात कालवलेला शुद्ध चुना, पळीवाढ्या पिठासारखा, सुईने त्याच्या तोंडात सोडायचा. पानाला लावतो त्याच जातीचं हे रसायन. पंप बंद ठेवायचे आणि एका दिवशी दोन-तीनच उरकायची, नाहीतर पाण्याचा पीएच उसळतो. चुन्याचा कंटाळा असेल तर बर्गिया ही गोगलगाय आणा, मूळची तुमच्याच फ्लोरिडाची. ती ॲप्टेशियाशिवाय काही खात नाही, आणि त्याच्या दंशपेशी न फोडता स्वतःच्या पाठीवरच्या झिरमिळ्यांत साठवून हत्यार म्हणून वापरते. ॲप्टेशिया संपलं की मात्र ती उपाशी मरते, तेव्हा आधीच कुणाला तरी देऊन टाका.

राहिला तो टक् आवाज. फ्लोरिडाच्या दगडातून मँटिस श्रिंपही येते आणि तीही असाच ठोका देते, त्यामुळे मी पैज लावणार नाही. पण बार्थोलोमियाच्या बुडाशी एक पिस्तुल-कोळंबी घर करून राहते, अल्फिअस आर्माटस. तिची एक नांगी भलीमोठी असते. ती फाटकन मिटली की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटल्याचा आवाज बाहेर ऐकू येतो. समुद्रफूल खायला आलेल्या काटेरी किड्यांनाही ती अशीच हुसकावते. दिवे बंद झाल्यावर तासाभराने मुलीला घेऊन बसा आणि टॉर्चला लाल कागद गुंडाळून फुलाच्या बुडाशी उजेड टाका. फटीतून लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिशा हलताना दिसल्या तर तीच. या कोळंब्या जोडीने राहतात, तेव्हा एक सापडली की दुसरीही शोधा.